विरजण पडतं, फिरत नाही

प्रश्न असा आलाय: विरजणामुळे दुधाचं दही होतं, म्हणजे भलंच होतं, मग 'उत्साहावर विरजण पडलं' हे वाईट अर्थाने का म्हणायचं?

उत्तराआधी एक तक्रार. 'पावसामुळे उत्साहावर विरजण फिरलं' हे मी या पंधरवड्यात तीनदा ऐकलं, त्यातलं एकदा बातम्यांत. पाणी फिरतं, बोळा फिरतो. विरजण पडतं. एकदा ढवळून झाकण ठेवलं की पातेल्याला हातसुद्धा लावायचा नसतो, नाहीतर दही मोडतं आणि वर निवळ तरंगते. फिरणार कुठून?

नेहमीचं उत्तर तुम्हाला ठाऊक असेलच: चहाच्या दुधात विरजण पडलं की चहा गेला. खरं आहे, पण त्यात गंमत नाही. गंमत 'विरजणे' या क्रियापदात आहे.

माझी पैज संस्कृत 'विरज्यते'वर. वि अधिक रञ्ज्: रंग उडणे, मन उठणे. रंग, राग, रंजन, रक्त ही सगळी याच रञ्ज् धातूची पोरं. 'वि' लागला की विराग, विरक्त, वैराग्य. विरज्यतेचं प्राकृतात विरज्जइ, आणि तिथून मराठीत विरजणे. ओढाताण वाटते? मग उत्पद्यते – उप्पज्जइ – उपजणे पाहा. निष्पद्यते – निप्पज्जइ – निपजणे पाहा. वाट तीच, वळणंही तीच. म्हणजे विरजण आणि वैराग्य ही सख्खी भावंडं, आणि उत्साहावर विरजण पडणे म्हणजे मनाचा रंग उतरणे. 'रंगाचा बेरंग' आपण अजून म्हणतोच की! एक जाणकार मला दरवेळी ऐकवतात की हा शब्द 'विरणे'वरून आला. असेल, पण मग मधला 'ज' कुठून टपकला? यावर ते विषय बदलतात. दुसरे एक जण 'विरज म्हणजे धूळ नसलेलं, म्हणून शुद्ध दही' असं सांगतात. त्यांनी एकदा स्वतः दही लावून बघावं.

'व्युत्पत्ती राहू द्या, पातेल्यात घडतं काय ते सांगा,' असं विज्ञानवाले म्हणतील. घडतं ते माझ्याच बाजूचं आहे. ताज्या दुधाचा सामू (पीएच; जितका कमी, तितकं आंबट) ६.६च्या आसपास. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, सामू ४.६कडे घसरतो आणि केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं. आपण म्हणतो दही लागलं. त्याच दुधात उतरलेल्या इतर बहुतेक जिवाणूंच्या उत्साहावर मात्र अक्षरशः विरजण पडलेलं असतं.

योगर्टमध्ये जोडी असते ती स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस यांची. दुसरा १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाला जिनिव्हात सापडला. बल्गारिकस केसीन तोडून शेजाऱ्याला अमिनो आम्लं पुरवतो. थर्मोफिलस परतफेड म्हणून फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देतो. पण आंबटपणा वाढला की थर्मोफिलस आधी थकतो. बल्गारिकस आणखी थोडं रेटतो, आणि शेवटी स्वतःच केलेल्या आम्लात तोही थांबतो.

आणि विरक्ती बघायची असेल तर याच थर्मोफिलसमध्ये बघा. याच्या भाऊबंदांत न्यूमोनिया करणारे जिवाणू आहेत. २००४ साली याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा सुमारे १० टक्के जनुकं मोडकी निघाली. त्यात बऱ्याच इतर साखरा पचवण्याची जनुकं होती. भाऊबंदांना रोग घडवायला लागणारी अनेक जनुकं तर मोडली किंवा पार गळून गेली होती. दुधात लॅक्टोजचं ताट कायम वाढलेलं, मग बाकीचा पसारा कशाला? न लागणारं जनुक बिघडलं तरी जिवाणू मरत नाही, म्हणून बिघाड टिकतो आणि वंशात पसरतो. याला 'जिवाणू दुधाला सरावले' म्हणणारेही आहेत. सराव एका जिवाला होतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या चाळण लागलेली असते.

आपल्या घरच्या विरजणात हीच जोडी असेल असं नाही. ३० अंशांच्या आसपास रमणारे लॅक्टोकॉकससारखे जिवाणूही त्यात असतात, आणि ते झाडापानांवरही सापडतात. माझी आजी घरातलं विरजण संपलं की कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकायची. लहानपणी मला तो जादूटोणा वाटायचा. पहिलं दही पातळ, उग्र लागायचं. त्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं, मग तिसरं, आणि चौथ्याला कुठे ती कवडी पडायची. पुढे वाचलं, की संशोधकांनी झाडावरचा एक लॅक्टोकॉकस सुमारे १००० पिढ्या दुधात वाढवला तेव्हा तो दुधात पहिल्यापेक्षा जोमाने वाढायला लागला. आजीच्या चार पातेल्यांत तेवढ्या पिढ्या झाल्या नसणार. तिथे बहुधा देठावरच्या गर्दीतून ज्यांना दूध मानवलं तेच दरवेळी चमच्यात पुढे गेले.

उपमा म्हणून विचारत असाल, तर दूध आणि जिवाणू दोघांच्याही बाजूने ती चोख बसते. आणि 'विरजन' लिहू नका. शेवटचा ण बाणातला आहे.