मिरगाआधी वेलांची तयारी

पहिली सर आली म्हणून बी टोकू नका, पाऊस जरा स्थिरावू दे. तोवर परड्यात पाणी कुठे तुंबतं ते बघा. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. खड्ड्यात वेल कुजतात, म्हणून उंचवटा करा, कुजलेलं शेणखत घाला. पडवळ ‘कोकण श्वेता’, कारलं ‘कोकण तारा’, दोन्ही वाणं दापोली कृषी विद्यापीठाची. मांडव आधीच घाला. आषाढातल्या वाऱ्यात बांबू रोवणं म्हणजे शिक्षाच!

फळं किडकी निघाली तर ती फळमाशी. सापळ्यात क्यू-ल्यूर हवं, म्हणजे या माशीला ओढणारं वासाचं आमिष. आंब्याच्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल वेलांवरच्या माशीला चालत नाही, दुकानदार मात्र खुशाल तेच हातात ठेवतात. किडकी फळं परड्यात टाकू नका, खोल पुरा.

भेंडी सोपी, वाफ्यावर लावा. टोमॅटोचा हट्ट आत्ता नको; भातकापणीनंतर लाल माठ, मुळ्यासोबत बघू.