वडिलांना १४ मिमीचा मुतखडा आहे. लेसर करावं की पाठीतून दुर्बीण? बेळगावात डॉक्टर कसा निवडावा?

दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलंय, वडील ५८ वर्षांचे, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, डाव्या किडनीत खालच्या कप्प्यात १४ मिलिमीटरचा खडा. एक डॉक्टर लेसर म्हणतात, दुसरे पाठीतून दुर्बीण, आणि खानापूरकडचे पाहुणे हुलग्याचं पाणी पाजा म्हणतात. मी युरोलॉजिस्ट आहे, बेळगावातच काम करतो आणि माझं रोजचं काम मुतखड्यांचंच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हुलग्याचं आधी सांगतो. माडगं करून प्यायला काहीच हरकत नाही. पण ५ मिमीच्या आतले खडे पुष्कळदा आपोआप पडतात, आणि त्याच आठवड्यात हुलगे चालू असले की श्रेय हुलग्यांना जातं. किडनीतून खाली येणारी मूत्रवाहिनी आतून जेमतेम ३-४ मिमी रुंद असते. १४ मिमीचा खडा त्या वाटेने जाणार नाही. औषधाने बऱ्यापैकी विरघळतो तो मुख्यतः युरिक ॲसिडचा खडा, आणि तेही लघवीतला आम्लपणा कमी करणारं औषध देखरेखीखाली घेतल्यावर. कॅल्शियमचा खडा विरघळवणारं औषध नाही.

आता पद्धतींचं. साधारण २० मिमीच्या पुढचा खडा असला की पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने काढणं, म्हणजे पीसीएनएल, हाच सरळ मार्ग. त्याच्या आतला असला तर लघवीच्या वाटेने वाकणारी बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याचा चुरा करता येतो. त्याला आरआयआरएस म्हणतात. बाहेरून धक्के देऊन खडा फोडायची लिथोट्रिप्सीही आहे. १९८० साली म्युनिकला पहिल्यांदा माणसावर केली गेली, आणि आजही योग्य खड्याला ती चांगली. पण खालच्या कप्प्यातला १० मिमीच्या वरचा खडा फुटला तरी तुकडे पुष्कळदा तिथेच बसून राहतात, म्हणून तुमच्या वडिलांना कुणी ती सुचवली नसावी.

म्हणजे त्यांच्यासाठी आरआयआरएस किंवा मिनी पीसीएनएल (पाठीतूनच, पण आणखी बारीक छिद्रातून), दोन्ही चालतील. आरआयआरएसमध्ये छिद्र नाही, रक्तस्रावाचा धोका कमी. पण मूत्रवाहिनी अरुंद निघाली तर पहिल्या वेळी दुर्बीण वर जातच नाही. मग नळी घालून थांबावं लागतं आणि दोनेक आठवड्यांनी परत भूल द्यावी लागते. मिनी पीसीएनएलमध्ये खडा एकाच बैठकीत साफ व्हायची शक्यता जास्त, पण किडनीला छिद्र पडतं आणि क्वचित रक्त द्यायची वेळ येते. निर्णय सोनोग्राफीवर घेऊ नका, साधा सीटी स्कॅन करा. त्यात खड्याचं नेमकं माप, जागा आणि कठीणपणा कळतो. कठीणपणाचा आकडा रिपोर्टमध्ये एचयू म्हणून असतो.

ज्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती म्हणजे नळी. डीजे स्टेंट. अशा ऑपरेशननंतर बहुतेक वेळा ही मऊ नळी किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवतात, म्हणजे सूज आली तरी लघवी तुंबत नाही. ती असताना वारंवार लघवीला लागतं, लघवी करताना कमरेत कळ येते, एसटीचा प्रवास झाला की लघवी लालसर होते. हे बहुतेकांना होतं, घाबरू नका. पण ती एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला निघालीच पाहिजे.

निपाणीकडच्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. खडा दुसरीकडे काढलेला, नळी आत तशीच, दोन-अडीच वर्षं झालेली. एक्सरेत नळीच्या खालच्या टोकावर मूत्राशयात लिंबाएवढा खडा, वरच्या टोकावर किडनीत दुसरा. ओढली तर नळी तुटेल अशी अवस्था. आधी खालचा फोडला, मग पाठीतून वरचा, तेव्हा कुठे नळी सुटली. तोवर त्या किडनीचं बरंच काम गेलेलं होतं. घरचे म्हणत होते, "खडा काढला न्हवं? मग आत आणि काय ऱ्हायलं?"

दोष त्यांचा नव्हता. आपल्या भागात डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, वॉर्डातल्या सिस्टर घाईत कन्नडमध्ये सांगतात आणि पेशंटसोबत आलेल्या आजींना फक्त मराठी वाचता येतं. या तिन्हींच्या मध्ये नळीची तारीख हरवते. आम्ही आता फाइलच्या पुठ्ठ्यावर, पेशंटला वाचता येईल त्या भाषेत, जाड पेनाने "नळी आत आहे" आणि काढायची तारीख लिहितो, शिवाय घरातल्या दोघांचे फोन नंबर वहीत टिपून ठेवतो. तुम्हीही हे हट्टाने लिहून घ्या.

डॉक्टर निवडताना मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारण्यापेक्षा हे विचारा: माझ्या वडिलांच्या खड्याला हीच पद्धत का? पहिल्या वेळी जमलं नाही तर पुढे काय, आणि त्याचा खर्च वेगळा का? नळी कोण काढणार, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का? ऑपरेशनआधी युरिन कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का याची तपासणी, करणार ना? हे प्रश्न ऐकून जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे मी माझ्या वडिलांना नेणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. आणि सरकारी योजनेतून करणार असाल तर रेशनकार्ड घेऊन आधी चौकशी करा; आयुष्मान कार्डाला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागू शकतं. चंदगडहून येणाऱ्यांचं कार्ड महाराष्ट्राचं असतं, त्यांची ऐनवेळी फार धावपळ होते.

फाउंड्रीतल्या कामाचंही बघायला हवं. भट्टीपाशी घाम इतका जातो की लघवी घट्ट होते आणि खडे परत धरतात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी भट्टीवरच्या माणसाला तीन लिटर पाणीसुद्धा कमी पडेल. मीठ, लोणचं, पापड कमी करा. दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर खडे उलट वाढतात. टोमॅटोच्या बियांना घाबरायचं कारण नाही. काढलेल्या खड्याचे तुकडे तपासणीला पाठवायला सांगा, म्हणजे पुढचं पथ्य अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

सीटीचा रिपोर्ट आला की एचयू किती आहे ते इथे लिहा, मी बघून सांगेन. मात्र मध्येच थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर इथे लिहीत बसू नका. अडलेल्या किडनीत पू झाला की काही तासांत जीवावर बेतू शकतं. तेव्हा आधी नळी घालून वाट मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात. रात्र असली तरी गाडी काढा आणि युरोलॉजिस्ट असलेला दवाखाना गाठा.