प्रेस नोट बाजूला ठेव, आधी अल्बम ऐक

तुझ्या अल्बम-परीक्षणाचा मसुदा वाचला. तीन परिच्छेद कलाकाराच्या ब्रेकअपवर आणि गाण्यांना जेमतेम दोन ओळी! सुरुवातीला मीही हेच करायचो. बॉन इव्हेर या अमेरिकन बँडचा 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' हा अल्बम २००८ मध्ये जगभर पोचला, तेव्हा जो तो, तो जिथे रेकॉर्ड झाला त्या विस्कॉन्सिनमधल्या थंडीतल्या केबिनवरच लिहीत होता. पण कानाला काय लागतं? बँडचा गायक जस्टिन व्हर्ननने स्वतःचाच फॉल्सेटो (नेहमीपेक्षा उंच, पातळ आवाज) थरावर थर रेकॉर्ड केलाय. एकटाच गातोय की मागे कोरस आहे, कळेनासं होतं आणि शब्द धूसर होत जातात. एकटेपणा ऐकू येतो तो तिथे. ते लिही.

पहिल्यांदा ऐकताना वही बंद ठेव. दुसऱ्यांदा हेडफोन लावून मिनिट-सेकंद टिपून घे. तिसऱ्यांदा भांडी घासताना ऐक. हात कुठे थांबतो ते बघ. स्टार रेटिंग अगदी शेवटी (मला तर ते द्यायचाच कंटाळा). 'सोलफुल', 'मेलोडियस' खोडून टाक, कुठल्याही अल्बमला चिकटतात ते. आणि नाहीच आवडला, तर कुठल्या गाण्यात, कशामुळे बिनसलं तेवढं सांग. गायकाच्या घरापर्यंत जाऊ नकोस.