तारखा पाठ करून घेऊ का?

प्रश्न : लेक ऑगस्टपासून एपी यूएस हिस्ट्री (अमेरिकेच्या इतिहासाचा, शाळेतच शिकायचा कॉलेज-पातळीचा विषय) घेतेय. उन्हाळ्यात तारखा पाठ करून घेऊ का?

उत्तर : नको हो! अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंतचा. पाठ किती करणार? मी शिकवताना मुलं अडखळतात ती ‘का’ या प्रश्नावर. उदाहरणार्थ, अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन राज्यघटना काटेकोर पाळा म्हणणारे. नवा मुलूख विकत घ्यायचा अधिकार तिच्यात स्पष्ट लिहिलेला नाही. तरी १८०३ मध्ये त्यांनी दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना हा मोठा प्रदेश घेतलाच. का, ते तिला पाच ओळींत लिहू द्या, हातात पेन घेऊन. परीक्षेत सात कागदपत्रं वाचून तासाभरात निबंध लिहायचा असतो. म्हणून आठवड्याला एक जुनं पत्र किंवा भाषण वाचू दे. कोणी, कोणासाठी लिहिलं, हे समासात टिपू दे. जाडजूड गाइड मात्र सध्या कपाटातच राहू द्या.