नकाशातला पंधरावा विभाग

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या जुन्या नकाशात चिली देशाचे विभाग रोमन आकड्यांनी दाखवले आहेत. उत्तर टोकाला १५, त्याखाली १, २, ३. नऊ आणि दहाच्या मध्ये १४. तेरा कुठेच नाही. ही छपाईची चूक आहे का?
– एक शिक्षिका, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : चूक नाही, आणि मुलांनी ती बारकाईने टिपली याचा फार आनंद वाटला. १९७४ मध्ये लष्करी राजवटीने जुन्या २५ प्रांतांची फेरमांडणी करून देशाचे मोठे विभाग पाडले आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे त्यांना १ ते १२ असे क्रमांक दिले. राजधानी सान्तियागोच्या महानगर विभागाला मात्र आकड्याऐवजी अक्षरे मिळाली, म्हणून नकाशात तेरा सापडत नाही.

पुढचे कारण आपल्याकडच्या माणसाला लगेच उमगेल. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे, ती ओढाताण १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाल्यावर कमी झाली. उत्तरेकडच्या आरिका शहराचा कारभारही सुमारे ३०० किलोमीटर दूरच्या इकिके येथून चाले, आणि वाल्दिव्हियाच्या लोकांना पुएर्तो माँतच्या हाताखाली राहणे कधीच रुचले नव्हते. २००७ मध्ये दोन्ही भाग स्वतंत्र विभाग झाले; जुने क्रमांक न हलवता त्यांना पुढचे, म्हणजे १५ आणि १४, देण्यात आले.

विभागाखाली प्रांत आणि प्रांताखाली कोमूना, अशी तेथील उतरंड आहे. सामान्य माणसाचे रोजचे काम पडते ते कोमूनाशी, कारण नगराध्यक्ष आणि सदस्य तेथेच चार वर्षांसाठी निवडून येतात. देशात ३४६ कोमूना आहेत, पण नगरपालिका ३४५, कारण अंटार्क्टिकाच्या कोमूनाचा कारभार शेजारच्या काबो दे ओर्नोसची नगरपालिका पाहते. विभागाचा प्रमुख मात्र राष्ट्राध्यक्षच नेमत असत. लोकांनी आपला गव्हर्नर प्रथमच निवडला तो २०२१ मध्ये. विभाग वेगळा होऊनही त्याचा प्रमुख राजधानीतून यावा, ही उणीव माझ्या मते अंतराच्या त्रासापेक्षा मोठी होती.

२०१८ मध्ये क्रमांकांची पद्धतच रद्द झाली आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला बिओबिओ विभागातून न्युब्ले वेगळा होऊन विभागांची संख्या १६ झाली. तुमच्या नकाशात १५ आहे, म्हणजे तो २००७ नंतरच्या मांडणीचा आहे. बिओबिओच्या उत्तरेला चियान शहराभोवती न्युब्ले दाखवलेला नसेल, तर मुलांकडूनच तेथे पेन्सिलीने सीमा आखून घ्यावी.