पहिल्या पावसात कोकणातला वहाळ (ओढा) कोरडाच, मग जुलैत अर्ध्या तासाच्या सरीने भरतो कसा?

मृगाचा पाऊस रान आधी स्वतःच पिऊन घेतं. थोडा पानांवर अडतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो. उरलेला पालापाचोळ्यातून झिरपत उन्हाळाभर सुकलेल्या मातीत मुरतो. ती भिजेपर्यंत वहाळाच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

जुलैत जमिनीत जागाच उरलेली नसते. कोकणात वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तरीही दाट रानात पाणी उतारावरून धो-धो धावतं असं समजू नका. बरंचसं आतून येतं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून आणि जांभा दगडातल्या भोकांतून. वहाळाकाठी जांभ्याची दरड असेल तर सर थांबल्यावर जाऊन बघा, बोटाएवढ्या भोकातून धार लागलेली दिसेल, तीही बऱ्यापैकी नितळ.

गंमत म्हणजे पुरातलं सगळं पाणी आत्ताच्या सरीचं नसतं. नवं पाणी मुरतं आणि आधी साठलेल्याला बाहेर ढकलतं. पाण्यातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजून जगात अनेक रानओढ्यांत हे दिसलंय.

उघड्या सड्याची, म्हणजे कातळी पठाराची, गोष्ट वेगळी. कातळावर माती नावालाच, त्यामुळे पहिल्याच मोठ्या सरीला गढूळ लोंढा खाली येतो आणि पाऊस उघडला की आटतो. तुमच्या वहाळाच्या डोक्यावर रान आहे की सडा, ते आधी बघा.