शिडीच्या गणितात मोमेंट मध्यबिंदूभोवती घेतला तर उत्तर १५० न्यूटन येते, सरांचे ७५ येते. मी बिंदू चुकीचा निवडला का?

बिंदू चुकलेला नाही. तुम्ही घर्षणाचा मोमेंट (बल गुणिले बिंदूपासून त्याच्या रेषेचे लंब अंतर) विसरलात. मध्यबिंदूभोवती घेऊन १५० आले की बहुधा हीच चूक झालेली असते, कारण ती बरोबर दुप्पट उत्तर देते.

गणित असे: ५ मीटरची, २०० न्यूटन वजनाची एकसमान शिडी. पाय भिंतीपासून ३ मीटरवर, वरचे टोक ४ मीटर उंचीवर. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. भिंत शिडीला किती बलाने ढकलते?

सरांनी मोमेंट पायाभोवती घेतला. जमिनीची लंब प्रतिक्रिया (जमीन शिडीला सरळ वर ढकलते ते बल) आणि घर्षण दोन्ही पायातूनच जातात, त्यामुळे समीकरणात येतच नाहीत. वजनाचे लंब अंतर १.५ मीटर, भिंतीच्या बलाचे ४ मीटर. २०० × १.५ = ३००, भागिले ४, झाले ७५.

मध्यबिंदूभोवती घेतला की वजन गळते, पण उरलेली तिन्ही बले अंगावर येतात. लंब प्रतिक्रिया २०० न्यूटन, अंतर १.५ मीटर, म्हणजे ३०० न्यूटन-मीटर, पाय भिंतीपासून दूर सरकवणाऱ्या दिशेने. उलट दिशेने भिंतीचे बल, अंतर २ मीटर. आणि त्याच उलट दिशेने घर्षण, त्याचेही अंतर २ मीटर. आडवी बले दोनच असल्यामुळे घर्षण भिंतीच्या बलाएवढेच. म्हणून ३०० = भिंतीचे बल × ४, पुन्हा ७५. तुम्ही ३०० = भिंतीचे बल × २ लिहिलेत. घर्षण विसरल्यावर आडव्या दिशेने भिंतीला उत्तर द्यायला कोणीच उरत नाही, तेवढे तपासले असते तरी चूक लगेच सापडली असती.

आता मुद्द्यावर येतो, कारण 'मोमेंट टेकूभोवतीच घ्यायचा' हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. पेपर तपासणाऱ्यांशी माझा यावरून जुना वाद आहे. दुसऱ्या बिंदूभोवती घेऊन बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाचे गुण कापणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. एकूण बल शून्य असेल तर एकूण मोमेंट प्रत्येक बिंदूभोवती सारखाच येतो. मग तो एका बिंदूभोवती शून्य असला की सगळीकडे शून्य. बिंदू शिडीवर असायचीही गरज नाही.

ही सवय तरफेच्या धड्यापासून लागते. टेकूच्या डावीकडे ०.३ मीटरवर २० न्यूटन, उजवीकडे ०.२ मीटरवर ३० न्यूटन, ६ = ६, संपले. दांडीचे वजन सोडून देऊन हाच हिशोब डाव्या भाराभोवती करून बघा. उजवा भार ३० × ०.५ = १५. टेकूची वरची प्रतिक्रिया ५० × ०.३ = १५. चोख जुळते. टेकूभोवती घेण्याचा फायदा एवढाच की टेकूची अज्ञात प्रतिक्रिया काढावी लागत नाही. ही सोय आहे, नियम नव्हे. ज्या बिंदूतून जास्तीत जास्त अज्ञात बले जातात तो बिंदू निवडा. शिडीत तो पाय.

इतर चुकांचेही आकडे ठरलेले आहेत. १३३ आले तर आडवे आणि उभे अंतर एकमेकांच्या जागी घातले (२०० × २ भागिले ३). १०० आले तर लंब अंतराऐवजी शिडीवरून मोजलेली लांबी धरली (२०० × २.५ भागिले ५). तिरक्या बलाचे लंब अंतर काढताना गोंधळ होत असेल तर बलाचे आडवे-उभे घटक करून प्रत्येकाचा मोमेंट वेगळा घ्या. बेरीज तीच येते, हे वारीन्याँचे प्रमेय.

उत्तर पडताळायला आकृती पुरते. जमिनीची लंब प्रतिक्रिया आणि घर्षण मिळून एक बल धरा. मग शिडीवर तीनच बले उरतात, आणि समतोलात तीन असमांतर बलांच्या रेषा एका बिंदूत मिळाव्याच लागतात. वजनाची उभी आणि भिंतीची आडवी रेषा पायापासून १.५ मीटर आत, ४ मीटर उंचीवर छेदतात. जमिनीचे बल तिथूनच जाणार, म्हणजे घर्षण भागिले लंब प्रतिक्रिया = १.५ भागिले ४ = ०.३७५. घर्षण गुणांक (कमाल घर्षण भागिले लंब प्रतिक्रिया) याहून कमी असेल तर शिडी उभीच राहणार नाही.

गुणांक ०.४ धरा. नुसती शिडी जेमतेम टिकते: घर्षण लागते ७५, मिळू शकते ८०. आता ६०० न्यूटनचा माणूस चढू लागला. जमिनीची प्रतिक्रिया ८००, म्हणजे घर्षण जास्तीत जास्त ३२०. तो शिडीवरून दर मीटर वर गेला की भिंतीचे बल ९० ने वाढते. ७५ चे ३२० व्हायला २.७२ मीटर पुरतात. मध्य ओलांडला न ओलांडला तोच शिडी सटकणार. तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस खालच्या पायरीवर, अगदी पायापाशी, उभा राहिला तर कमाल घर्षण ५६० होते आणि पहिला माणूस टोकाला पोचला तरी लागते ५२५. खालच्याचे वजन पायातून जाते, म्हणून मोमेंट वाढत नाही, कमाल घर्षण मात्र वाढते. हे पायाभोवतीच्या समीकरणात एका नजरेत दिसते. त्यापेक्षा शिडी उभी लावा. उंची ४ तर पाय १, म्हणजे सुमारे ७६ अंश. तेव्हा माणूस टोकाला असतानाही घर्षण १७५ लागते, गुणांक ०.२२ पुरतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. प्रतलातल्या बलांची स्वतंत्र समीकरणे तीनच. चौथ्या बिंदूभोवती मोमेंट घेतला तर पडताळा मिळतो, नवी माहिती नाही. तिन्ही समीकरणे मोमेंटचीच घ्यायची असतील तर ते तीन बिंदू एका रेषेत नकोत. भिंतही खडबडीत असली तर अज्ञात चार होतात आणि नुसत्या समतोलाने गणित सुटत नाही. म्हणून तर गणितात भिंत गुळगुळीत दिलेली असते, किंवा 'सटकण्याच्या बेतात' असे लिहून दोन्ही ठिकाणी कमाल घर्षण धरायला सांगतात.

आणि 'कुठलाही बिंदू' हे फक्त समतोलात खरे. ब्रेक लावलेल्या मोटरसायकलला त्वरण आहे, एकूण बल शून्य नाही. तिथे मोमेंटची बेरीज वस्तुमानकेंद्राभोवती शून्य धरावी लागते. मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूभोवती शून्य धरलीत तर पुढच्या चाकावरचा भार गाडी उभी असताना असतो तेवढाच येईल, आणि ते चूक आहे.